औषधांच्या अनिष्ट प्रतिक्रियांची नोंद : चंद्रपूर–गडचिरोली

रोगाचा प्रतिबंध, निदान किंवा उपचार यांसाठी नेहमीच्या मात्रेत दिलेल्या औषधामुळे जो हानिकारक व अनभिप्रेत परिणाम होतो, त्यास अनिष्ट औषध-प्रतिक्रिया म्हणतात. अतिमात्रेमुळे झालेली विषबाधा किंवा भेसळ यांचा या व्याख्येत समावेश होत नाही. तथापि व्यवहारात या तिन्ही गोष्टी प्रथमदर्शनी सारख्याच दिसतात व त्यांचा उलगडा नोंदीवरूनच करावा लागतो. अशा प्रतिक्रियांचा शोध, नोंद, मूल्यमापन व प्रतिबंध यांच्याशी संबंधित शास्त्रास व व्यवस्थेस औषधदक्षता अशी संज्ञा आहे.

या व्यवस्थेचा उगम थॅलिडोमाइड या औषधाच्या दुर्घटनेत आहे. गरोदर स्त्रियांनी हे झोपेचे औषध घेतल्याने हातापायांची वाढ खुंटलेली हजारो बालके जन्मली. १९६१ च्या अखेरीस पश्चिम जर्मनी व ऑस्ट्रेलिया येथील दोन डॉक्टरांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे हा संबंध दाखवून दिला. ब्रिटनने १९६४ मध्ये डॉक्टरांसाठी पिवळ्या कार्डाची पद्धत सुरू केली. १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दहा देशांच्या सहभागाने आंतरराष्ट्रीय नोंदणीस प्रारंभ केला व १९७८ पासून तिचे काम स्वीडनमधील उप्साला येथून चालते. हेच थॅलिडोमाइड कुष्ठरोगातील एका तीव्र प्रतिक्रियेवर गुणकारी असल्याचे १९६४ मध्ये जेरूसलेम येथे आढळले. एकच द्रव्य एका रुग्णास घातक व दुसऱ्यास तारक ठरते, ते कोणाला द्यायचे हे ठाऊक असण्यावर. कोणाला देऊ नये हे मात्र बहुधा आधीच्या रुग्णांच्या नोंदींवरूनच कळते.

भारतात या कामास उशिरा आरंभ झाला. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण मृत्युमुखी पडले. न्या. बख्तावर लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. हे प्रकरण भेसळीचे होते, प्रतिक्रियेचे नव्हे. पण राज्यातील औषध-नियंत्रणाचे दोष त्यातून उघड झाले. १९९७ च्या सुमारास भारत उप्साला येथील आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात सामील झाला व दिल्ली, मुंबई आणि अलीगढ येथे केंद्रे नेमली गेली. २००५ पासूनचा पहिला राष्ट्रीय कार्यक्रम फार काळ टिकला नाही. जुलै २०१० मध्ये सध्याचा भारतीय औषधदक्षता कार्यक्रम सुरू झाला व एप्रिल २०११ मध्ये त्याचे राष्ट्रीय केंद्र दिल्लीहून गाझियाबाद येथील भारतीय औषधिकोश आयोगाकडे आले. वैद्यकीय महाविद्यालये व रुग्णालये ही त्याची प्रमुख नोंदणी केंद्रे होत.

या रचनेतच तिची मर्यादा आहे. बहुसंख्य अहवाल रुग्णालयात पोहोचलेल्या रुग्णांचे असतात. गडचिरोली जिल्ह्याचा (निर्मिती २६ ऑगस्ट १९८२, चंद्रपूरच्या विभाजनाने) तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे. भामरागड, एटापल्ली व धानोरा तालुक्यांतील तसेच चंद्रपूरमधील जिवती परिसरातील टोल्यांवर औषध पोहोचते ते आशा कार्यकर्ती, परिचारिका अथवा आठवडी बाजारातील इंजेक्शन देणारा यांच्या हातून. रुग्णालय गाठण्यापूर्वीच प्रतिक्रिया शमते किंवा रुग्ण दगावतो. दोन्ही प्रसंगी कागदावर काहीच उमटत नाही. नोंद नसणे हे औषध निर्धोक असल्याचे लक्षण मानले, तर तो सरळसरळ तर्कदोष ठरतो.

दुसरीकडे या प्रदेशात सार्वजनिक कार्यक्रमांतून दिली जाणारी औषधे थोडी नाहीत. हिवतापाच्या राज्यातील रुग्णांत गडचिरोलीचा वाटा दीर्घकाळ मोठा राहिला आहे. हत्तीरोगाविरुद्ध दोन्ही जिल्ह्यांत सर्व पात्र लोकसंख्येस एकाच वेळी डायएथिलकार्बामाझीन व अल्बेंडाझोल देण्याच्या मोहिमा होत आल्या आहेत. कुष्ठरोगाचे तर येथे पूर्वापार वास्तव्य असून महारोगी सेवा समितीचे (स्थापना १९४९) वरोऱ्याजवळील आनंदवन त्यामुळेच प्रसिद्धीस आले. हत्तीरोगाच्या गोळीनंतर काहींना ताप, डोकेदुखी व अंगदुखी होते. ती बहुतांशी औषधाची विषबाधा नसून शरीरातील सूक्ष्म कृमी मेल्यामुळे उद्‌भवते, म्हणजे एका अर्थी ती औषध लागू पडल्याची खूण असते. हे वेळीच समजावून सांगितले नाही, तर पुढच्या वर्षी गावाने गोळ्या नाकारणे स्वाभाविक आहे.

खरे गंभीर उदाहरण प्रायमाक्वीनचे आहे. व्हायव्हॅक्स जातीच्या हिवतापात यकृतात दडून राहिलेल्या परजीवीचा नाश करण्यासाठी हे औषध १४ दिवस देतात. फाल्सिपेरम जातीत एकच मात्रा देतात. १९५६ मध्ये अमेरिकेत असे सिद्ध झाले, की जी-६-पीडी या एंझाइमाची आनुवंशिक न्यूनता असलेल्या व्यक्तींत प्रायमाक्वीनमुळे तांबड्या रक्तकोशिका फुटतात. कुष्ठरोगावरील डॅप्सोनचाही असाच परिणाम होऊ शकतो. ही न्यूनता मध्य भारतातील अनेक आदिवासी समाजांत आढळते. विदर्भात दात्रकोशिका पांडुरोगाचेही (सिकल सेल) प्रमाण लक्षणीय आहे. दोन्ही गुणधर्म हिवतापापासून काही अंशी संरक्षण देत असल्यामुळे पिढ्यानपिढ्या टिकले, असे मानले जाते. ज्या रोगाने हा वारसा घडविला, त्याच रोगावरील औषध त्या वारशामुळे धोकादायक ठरावे, हा विचित्र योग होय. सिकल सेलच्या रुग्णास मुळातच रक्ताल्पता असते; त्यात जी-६-पीडी न्यूनतेची भर पडली, तर रक्तकोशिकांचा अल्पसा नाशही त्यास जड जातो.

म्हणूनच राष्ट्रीय मार्गदर्शनानुसार गरोदर स्त्रिया, तान्ही बालके व ज्ञात न्यूनता असलेले रुग्ण यांना प्रायमाक्वीन देत नाहीत; लघवी गडद झाल्यास किंवा ओठ निळसर दिसल्यास औषध थांबवून परत येण्यास रुग्णास सांगतात. सूचना सोपी आहे. पण चौदा दिवसांच्या गोळ्या बहुतेक घरीच घेतल्या जातात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लघवीचा रंग बदलला, तर घरचे लोक तो बहुधा तापाचाच परिणाम समजतात. काही जण पुजाऱ्याकडे जातात, काही गोळ्या टाकून देतात. संशयित प्रतिक्रियेच्या अहवालास रुग्णाची ओळख, औषध, प्रतिक्रिया व नोंद करणारी व्यक्ती एवढ्या चारच गोष्टी लागतात. कारणसंबंध सिद्ध करण्याची जबाबदारी नोंद करणाऱ्यावर नसते. संशय पुरेसा असतो. हे तत्त्व आशा कार्यकर्तीपर्यंत पोहोचणे महत्त्वाचे, कारण ‘खात्री नव्हती’ हे अहवाल न पाठविण्याचे एक प्रचलित कारण आहे.

केवळ स्वेच्छेने आलेल्या अहवालांत आणखी एक उणीव राहते : किती जणांना प्रतिक्रिया झाली हे कळते, पण औषध किती जणांनी घेतले हे कळत नाही. त्यामुळे प्रमाण काढता येत नाही. या बाबतीत गडचिरोलीजवळ स्वतःचा एक धडा आहे. डॉ. अभय व राणी बंग यांनी १९८० च्या दशकात स्थापन केलेल्या ‘सर्च’ संस्थेने गावोगावच्या जन्म-मृत्यूंची पद्धतशीर नोंद ठेवली. बालकांच्या न्यूमोनियावर गावपातळीवर को-ट्रायमॉक्सॅझोल देण्याच्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० मध्ये व घरोघरच्या नवजात बालसेवेचे १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ३९ गावांतील या दुसऱ्या प्रयोगात प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी जंतुदोष झालेल्या नवजात बालकांस जेंटामायसीनची इंजेक्शने दिली. हे प्रतिजैव मूत्रपिंड व अंतर्कर्ण यांना अपायकारक ठरू शकते, त्यामुळे अशा हाती ते द्यावे की नाही हा प्रश्न रास्तच होता. पण येथे जन्मलेले प्रत्येक मूल, त्याचे वजन व त्याला मिळालेला उपचार वहीत उतरत असे आणि वरिष्ठ ती वही तपासत. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. ही घट मोजता आली, कारण भाजक ठाऊक होता. २०११ पासून आशा कार्यकर्तींमार्फत घरोघर नवजात सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. औषधदक्षतेसाठी मात्र या वहीचा धडा तितका गिरविला गेलेला नाही.

नोंदीचा प्रवास किती लांबचा असू शकतो, हे सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा दिसले. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातील बालके मूत्रपिंड निकामी होऊन दगावू लागली. त्यांपैकी अनेकांवर नागपूर येथे उपचार झाले. तमिळनाडूत तयार झालेल्या खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल सापडले. मृतांची संख्या वीसच्या वर गेली. औषध एका राज्यात बनले, दुसऱ्यात दिले गेले, मृत्यू तिसऱ्यात नोंदले गेले. चंद्रपूर व गडचिरोलीचे अत्यवस्थ रुग्णही नागपूरलाच नेले जातात. चंद्रपूर येथे २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असल्याने काही अंतर कमी झाले आहे.

रुग्ण वा नातेवाइकांनी भरावयाचा स्वतंत्र फॉर्म मराठीतही उपलब्ध असून १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावरही माहिती देता येते. भामरागड व एटापल्लीच्या अनेक गावांत घरची भाषा माडिया आहे. तेथे लघवीचा रंग विचारणे, उत्तर समजून घेणे व ते मराठीत उतरविणे, ही तिन्ही कामे एकाच कार्यकर्तीवर पडतात.