मध, मीठ आणि अंडीवाल्या बायका

आज आपण एका लहानशा देशाच्या स्वयंपाकघरात डोकावणार आहोत. देशाचं नाव स्लोव्हेनिया. इटली, ऑस्ट्रिया, हंगेरी आणि क्रोएशिया या चार देशांच्या मधोमध तो बसलाय. लोकसंख्या साधारण २१ लाख, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम जिल्ह्याएवढी. १९९१ साली तो स्वतंत्र झाला. त्याआधी युगोस्लाव्हियात होता आणि त्याही आधी शेकडो वर्षं ऑस्ट्रियाच्या राजांकडे. समुद्रकाठची पट्टी तेवढी व्हेनिस या व्यापारी शहराच्या ताब्यात होती.

एवढ्या लांबच्या देशाचं आपल्याला काय, असं कुणी म्हणेल. तर आधी त्यांचे दोन-चार शब्द ऐका. परकी भाषा शिकायला घेतली की पहिले धडे खाण्यापिण्याचेच असतात. भाकरीला काय म्हणतात, पाणी कसं मागायचं. स्लोव्हेनियाच्या भाषेत मधाला म्हणतात ‘मेद’. आपला मध, संस्कृतातलं मधु आणि त्यांचं मेद हे एकाच जुन्या शब्दाचे नातेवाईक आहेत. अस्वलाला ते ‘मेद्वेद’ म्हणतात. अर्थ साधा आहे, मध खाणारा. शाळेत संस्कृत शिकलेल्यांना द्विवचन आठवत असेल, एकाचं वेगळं रूप, दोघांचं वेगळं, अनेकांचं वेगळं. मराठीत ते राहिलं नाही, पण स्लोव्हेनियातल्या बायका आजही बाजारात द्विवचनात बोलतात. पोतित्सा नावाची त्यांची एक गोड पोळी आहे. एक असली तर ‘एना पोतित्सा’, दोन असल्या तर ‘द्वे पोतित्सी’, तीन असल्या तर ‘त्री पोतित्से’. ते ‘द्वे’ आणि ‘त्री’ कानाला ओळखीचे वाटतात की नाही?

मधाचा विषय निघालाच आहे तर तिथूनच सुरू करू. या देशात करड्या रंगाची, स्वभावाने शांत अशी एक मधमाशी आहे, तिला तिथले लोक आपली मानतात. १७३४ साली ब्रेझ्नित्सा नावाच्या गावात आंतोन यान्शा नावाचा मुलगा शेतकऱ्याच्या घरात जन्मला. चित्रं काढायला म्हणून तो व्हिएन्नाला गेला, पण नाव झालं मधमाश्यांमुळे. राणी मारिया तेरेसाने १७७० च्या सुमारास मधमाशीपालन शिकवायला शाळा काढली, तिथे त्याला शिक्षक नेमलं. चाळिशीच्या आतच तो गेला. पण त्याच्या आठवणीने २० मे हा जागतिक मधमाशी दिन ठरला. २०१७ साली संयुक्त राष्ट्रांनी ही मागणी मान्य केली, आणि मागणी करणारा देश हाच, २१ लाखांचा.

माश्यांच्या पेट्या तिथे लाकडी घरात एकावर एक रचून ठेवत. प्रत्येक पेटीच्या पुढच्या फळीवर रंगीत चित्र. माशीला आपली पेटी ओळखू यावी आणि मालकालाही कळावी म्हणून ही चित्रं, असं सांगतात. सापडलेल्या फळ्यांमधली सर्वांत जुनी १७५८ ची आहे. देवादिकांची चित्रं पुष्कळ आहेत, तशी गमतीचीही. शिकारी मेला आहे आणि जंगलातले प्राणी त्याची अंत्ययात्रा काढत आहेत, हे मला फार आवडलं. दुसऱ्या एका चित्रात सैतान सहाणेवर बाईची जीभ परजतोय! चित्रं काढणारे बहुतेक पुरुषच, हे वेगळं सांगायला नको.

या माश्यांचं एक आवडतं पीक म्हणजे आय्दा. उत्तर हिंदुस्थानात उपासाला कुट्टूचं पीठ वापरतात ना, तेच हे धान्य. पंधराव्या शतकात ते या भागात आलं. गव्हा-जवाची कापणी झाली की त्याच जमिनीत हे दुसरं पीक निघायचं, म्हणून गरिबाच्या घरी ते टिकलं. जमीनदाराचा डोळा आधी गव्हावर असायचा, आय्दाने पोरांची पोटं भरली. त्याच्या पिठाची घट्ट उकड करून काट्याने मोडतात, तिला ‘झ्गान्त्सी’ म्हणतात. आज हीच उकड शहरातल्या चांगल्या हॉटेलात मिळते. आपल्या नाचणीचंही असंच झालंय.

आता समुद्राकडे जाऊ. पिरान नावाचं बंदर आहे आणि त्याच्या शेजारी मिठागरं. व्हेनिसचं राज्य तिथे १२८३ पासून १७९७ पर्यंत होतं. मीठ पिकवायचं पिरानकरांनी आणि व्यापार व्हेनिसच्या हातात, असा सगळा मामला. चौदाव्या शतकात पिरानकरांनी पाग बेटावरून एक युक्ती शिकून घेतली. वाफ्याच्या तळाशी शेवाळ, सूक्ष्म जीव आणि खनिजं यांचा एक पातळ थर मुद्दाम वाढवायचा. त्याला ‘पेतोला’ म्हणतात. मीठ या थरावर जमतं, खालच्या चिखलाला लागत नाही, म्हणून पांढरंशुभ्र निघतं. हा थर जपणं हेच खरं कौशल्य. हिवाळ्यात त्याची देखभाल केली नाही तर उन्हाळ्याचं मीठ बिघडतं.

एप्रिलच्या शेवटी संत जॉर्जच्या सणाला अख्खी कुटुंबं बाडबिस्तरा घेऊन मिठागरावरच्या घरात राहायला जात. खाली मिठाचं कोठार, वर राहायची खोली. ऑगस्टच्या शेवटी संत बार्तोलोमेच्या सणाला परत येत. चार महिने बाप, आई, पोरं, सगळीच वाफ्यात. बाई मीठही ओढायची, भाकरीही भाजायची, तान्ह्यालाही बघायची. आपल्या ऊसतोडीच्या किंवा वीटभट्टीच्या हंगामाची आठवण होते. फरक एवढा की तिथे संसाराला कोयत्याची झोपडी नव्हती, दगडी घर होतं. विसाव्या शतकात हे जगणं मोडलं. १९६० नंतर मिठागराचा मोठा भाग ओस पडला, घरं ढासळली. लेरा नावाच्या भागात मात्र अजून जुन्या पद्धतीने, लाकडी फावड्याने रोज मीठ ओढतात. आणि ते मीठ आता छोट्या पुड्यांतून, साध्या मिठाच्या कितीतरी पट भावाने विकलं जातं.

डोंगरात गेलं की इद्रिया लागतं. १४९० साली एका बादल्या बनवणाऱ्याला ओढ्यात चकाकणारा पारा दिसला, असं सांगतात. पुढे तिथे जगातली दुसऱ्या नंबरची पाऱ्याची खाण झाली, ती पाचशे वर्षं चालली. पाऱ्याने माणसं आजारी पडत, हात थरथरत, दात पडत. पगार तुटपुंजा. घर चालायचं ते बायकांच्या हातांवर. त्या लाकडी काड्यांवर दोरा गुंडाळून जाळीदार लेस विणत. १८७६ मध्ये तिथे लेस विणायला शिकवणारी शाळा निघाली, ती आजही चालू आहे. याच घरांमध्ये ‘झ्लिक्रोफ’ नावाचा पदार्थ रूढ झाला. पिठाच्या पातळ पारीत बटाटा, कांदा आणि थोडी चरबी घालून टोपीसारखा आकार द्यायचा आणि पाण्यात उकडायचं. आपल्या उकडीच्या करंजीची लहान बहीण म्हणा. नाव मात्र जर्मन शब्दावरून आलंय, कारण खाणीचा कारभार जर्मन बोलणाऱ्यांकडे होता. साहेबाची भाषा बाईच्या परातीत अशी शिरते.

भाषेचा हा सल तिथल्या लोकांना होताच. १७९९ मध्ये वालेंतीन वोद्निक नावाच्या पाद्री-कवीने त्यांच्या भाषेतलं पहिलं पाककृतीचं पुस्तक छापलं. मजकूर जर्मन पुस्तकांवरून घेतलेला, पण शब्द आपले वापरायचे हा त्याचा आग्रह. स्वयंपाक तर बायका पिढ्यान्‌पिढ्या करतच होत्या, तरी पहिलं पुस्तक पाद्र्याच्या नावावर. पुढे १८६८ मध्ये मग्दालेना प्लायवाईस या बाईंचं ‘स्लोव्हेन्स्का कुहारित्सा’ आलं. आता त्या ‘कुहारित्सा’ शब्दाचे दोन अर्थ होतात, स्वयंपाक करणारी बाई आणि पाककृतीचं पुस्तक. एकाच शब्दात बाई आणि पुस्तक! फेलित्सिता कालिन्शेक नावाच्या एका जोगिणीने विसाव्या शतकात याच पुस्तकात भर घातली आणि ते घराघरात पोचवलं.

मघाशी पोतित्साचं नाव घेतलं. पीठ आंबवून पातळ लाटायचं, त्यावर अक्रोड, खसखस, मध किंवा एखाद्या सुगंधी पाल्याचं सारण पसरायचं, वळकटी करायची आणि मधे भोक असलेल्या गोल भांड्यात भाजायची. सोळाव्या शतकातल्या छापील पुस्तकात तिचं नाव सापडतं, आणि १६८९ साली वाल्वासोर नावाच्या लेखकाने ती कशी करतात ते लिहून ठेवलंय. नाताळ आणि ईस्टरला ती घरात हवीच.

२०२१ मध्ये या पोतित्साची युरोपीय संघात नोंद झाली. इथे जरा थांबू, कारण गटाच्या कामाची गोष्ट आहे. तिकडे नोंदीचे तीन प्रकार आहेत. पहिल्यात सगळं काम त्याच भागात झालं पाहिजे, पिरानचं मीठ या प्रकारात येतं. दुसऱ्यात निदान एक टप्पा त्या भागात हवा, भोपळ्याच्या बियांचं त्यांचं गर्द हिरवं तेल या प्रकारात आहे. तिसऱ्यात जागा महत्त्वाची नाही, कृती महत्त्वाची. पोतित्सा आणि झ्लिक्रोफ तिसऱ्यात बसतात. म्हणजे दुसऱ्या देशातली बाईसुद्धा पोतित्सा करून त्या नावाने विकू शकते, पण ठरलेल्या कृतीनेच. कुठला प्रकार मागायचा हे आधी नीट ठरवावं लागतं. मीठ तिसऱ्या प्रकारात गेलं असतं तर पिरानच्या मिठागराला काय उरलं असतं? नावावरून भांडणंही झाली. त्यांच्या क्रान्स्का नावाच्या सॉसेजवर ऑस्ट्रियाने हरकत घेतली होती, शेवटी तडजोड होऊन २०१५ मध्ये नोंद झाली.

पण मला सगळ्यात जवळच्या वाटल्या त्या बायका या कुठल्याच यादीत नाहीत. समुद्राच्या वरच्या अंगाला इस्त्रियाचा डोंगराळ भाग आहे. जमीन हलकी, घरात माणसं फार. खाली त्रिएस्ते हे मोठं बंदर, १७१९ पासून जकातमाफ, म्हणून झपाट्याने वाढलेलं. शहराला रोज भाकरी, दूध, अंडी लागणार. ती नेली बायकांनी. श्केदेन गावच्या बायका घरच्या भट्टीत पाव भाजून शहरात पोचवत. आसपासच्या गावांतल्या दुधाच्या किटल्या घेऊन जात. आणि इस्त्रियाच्या बायका अंडी नेत. त्यांना शाव्रिन्के म्हणतात.

या शाव्रिन्के गाढव घेऊन किंवा पाठीवर टोपली घेऊन आतल्या, पार क्रोएशियातल्या गावांपर्यंत पायी जात. घरोघर अंडी गोळा करत. पैसा फारसा फिरायचा नाही, अंड्यांच्या बदल्यात सुया, दोरा, मिरी, साखर, कापडाचा तुकडा. कुणाला शहरातून काही हवं असलं तर तेही सांगून ठेवायचं, पुढच्या फेरीत यायचं. ओळखीच्या घरी रात्र काढायची. मग भरलेली टोपली घेऊन त्रिएस्तेला उतरायचं. दगडगोट्यांची वाट आणि पाठीवर अंडी, विचार करा. एक फुटलं की तेवढा नफा गेला. घरी पोरं आजीकडे. बातम्या, लग्नाच्या खबरा, शहरातल्या नव्या पद्धती त्यांच्याबरोबर गावोगाव पोचत. लोक त्यांच्याविषयी वाकडंही बोलत, कारण बाई आठवड्यातले काही दिवस घराबाहेर. पण घरात रोख पैसा आणणारी तीच.

दुसऱ्या महायुद्धानंतर त्रिएस्ते इटलीत राहिलं, गावं युगोस्लाव्हियात गेली. मध्ये सरहद्द आली. १९५४ मध्ये ती पक्की झाली. अंडी घेऊन उतरणाऱ्या बाईपुढे शिपाई उभा राहिला, आणि हळूहळू हा धंदा संपला. १९८६ मध्ये मार्यान तोम्शिच नावाच्या लेखकाने ‘शाव्रिन्के’ नावाची कादंबरी लिहिली, तेव्हा देशभर हे नाव माहीत झालं. २००७ मध्ये त्या सरहद्दीवरची नेहमीची अडवणूक उठली. टोपली घेऊन उतरणारं मात्र कुणी राहिलेलं नाही.