मुलांचे घर आणि मुलांचे अंगण

भगिनींनो, स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा आपल्या चिटणीसबाईंचा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण मुले सांभाळण्याचा अनुभव लहानपणापासूनचा. म्हणून बालशिक्षणाच्या इतिहासातील दोन ठिकाणांविषयी चार शब्द लिहिते. एक इटलीतले, दुसरे आपल्या डहाणू तालुक्यातले.

रोम शहरात सान लोरेन्झो ही कष्टकऱ्यांची वस्ती. आईबाप कामावर गेले की लहान पोरे मागे एकटी राहात, जिन्यांतून हुंदडत, भिंती खराब करीत. तेव्हा घरमालक संस्थेने इमारतीतच एक खोली दिली व डॉक्टर मारिया माँटेसोरी यांच्यावर काम सोपवले. ६ जानेवारी १९०७ रोजी तेथे ‘मुलांचे घर’ सुरू झाले. एकदा बाईंनी मुलांना रुमालाने नाक कसे शिंकरावे ते नीट करून दाखवले, तर मुलांनी टाळ्या वाजवल्या! नाकावरून त्यांना सगळे रागावत. शिकवले मात्र कोणीच नव्हते. हे वाचून मी मनात ओशाळले.

माँटेसोरीबाई १९३९ साली मद्रासला आल्या आणि युद्धामुळे १९४६ पर्यंत भारतातच राहिल्या. त्याआधीच भावनगरला गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी ही पद्धत आपलीशी केली होती. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला खेड्यातील मुलांसाठी काम आरंभले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. परदेशी साधने महाग, म्हणून शंख, शिंपले, बिया, खडे यांवर मुले मोजायला शिकली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शिक्षिकाच त्यांच्या अंगणात जाऊन बसल्या. तीच अंगणवाडी.

पण खरा फरक पुढेच आहे. रोमचे मूल घरी एकटे होते. आपल्याकडचे मूल एकटे नव्हते. ते ताईच्या कडेवर होते. त्यामुळे बुडत होती ती ताईची शाळा. ताराबाईंनी हे ओळखले आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणून ‘विकासवाडी’ उभी केली. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि ताई आपल्या वर्गात!

हे वाचले आणि माझे डोळे भरून आले. माझी आई शेतावर जाई. धाकटा भाऊ माझ्या कडेवर असे. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. आईला मी बोल लावत नाही, तिला दुसरा इलाज नव्हता. भाऊ शिकला, याचा आनंदच आहे. पण आमच्या गावात कोणी एक पाळणा टांगला असता, तर मीही आठवीच्या वर्गात बसले असते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगावी पोचली. तरीही धाकट्यासाठी घरी राहणाऱ्या दोन-तीन मुली आपल्याच आळीत आहेत. मंडळाच्या खोलीला दुपारपर्यंत कुलूप असते. आपण दोघी-दोघींनी पाळी लावून ती सकाळी उघडली, तर त्या मुली शाळेत जातील. पहिल्या सोमवारची पाळी माझी.