बैलाविना पिकलेलं

गणपतीच्या दिवसांत कल्याणच्या लक्ष्मी मार्केटात भाजीचे वेगळेच वाटे मांडलेले दिसतात. अळूची चार पानं, लाल माठाची जुडी, पडवळाचा तुकडा, एखादं शिराळं, भोपळ्याची फोड, मक्याचं कणीस, सुरणाची खाप, दोन-चार अंबाडे. हा ऋषीच्या भाजीचा ऐवज. भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही असा नेम आहे. नांगरलेल्या शेतातला तांदूळ त्या दिवशी चालत नाही. त्याऐवजी तळ्याकाठी आपोआप उगवणारं देवभात किंवा वरी शिजते, आणि सोबतीला ही भाजी. तेल-मसाला जवळजवळ नाहीच.

नेम धार्मिक असला तरी त्यातली यादी बागाइतदाराची आहे. कुदळीनं खणलेल्या परसात, तीन महिने पाऊस झोडपून गेल्यावर, जे जगतं तेवढंच या भांड्यात पडतं. त्यात टोमॅटो नाही, कोबी नाही, मेथीसुद्धा नाही. उल्हास नदीच्या काठी, कल्याणजवळच्या शहाडसारख्या गावात, ही यादी नेमकी अशीच का झाली हे पाहायचं तर आधी इथल्या हवेकडे पाहावं लागतं.

ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. उरलेले आठ महिने आभाळ कोरडं. एकाच परसात चार महिने पाणी बाहेर काढायचं आणि आठ महिने आत आणायचं, अशी इथली दुहेरी कटकट. शिवाय कल्याणपर्यंत खाडी. भरतीचं खारं पाणी तिथवर चढतं, म्हणून तर कल्याण हे जुन्या काळापासून बंदर. शहाड-मोहने भागात मात्र नदी गोडी आहे. खाऱ्या आणि गोड्या पाण्याच्या या सीमेवर वसलेल्या आगरी-कोळी वस्त्यांनी भातशेतीच्या जोडीला घराभोवती जे पिकवलं, त्याची नोंद कुठल्या दप्तरात फारशी सापडायची नाही. परसातल्या भाजीवर कुणी सारा लावत नव्हतं, आणि जिच्यावर सारा नाही तिच्याबद्दल सरकारी कागद गप्प असतात. तिचा इतिहास स्वयंपाकघरात आणि सणावारांत शोधावा लागतो.

पावसाळ्यातली मुख्य युक्ती म्हणजे मांडव. मृग लागायच्या सुमारास दुधी, शिराळं, कारलं, पडवळ, काकडी यांच्या बिया टोकायच्या. पण सपाट जमिनीत नाही, मातीचा उंचवटा करून त्यावर. उन्हाळ्यात झाडाभोवती पाणी धरायला आळं करतात, पावसाळ्यात त्याच्या उलट. मुळांशी दोन दिवस पाणी साचलं तर वेल पिवळा पडून बसतो. वेल हातभर झाला की बांबूच्या मांडवावर चढवायचा, म्हणजे फळ ओल्या मातीला टेकून कुजत नाही. पडवळ वाकडं होऊ नये म्हणून त्याच्या टोकाला दोरीनं दगड बांधायची पद्धत कोकणात सगळीकडे आहे. भोपळ्याचा वेल थेट छपरावर जातो. पानांवर कीड पडली की चुलीतली राख. या सगळ्याला खर्च शून्य, पण रोज सकाळी मांडवाखाली वाकून पाहणारं माणूस हवं, आणि ते बहुधा घरातली म्हातारी असे.

तरीही संततधारेपुढे इलाज चालत नाही. मळभ दिवसचे दिवस राहिलं की मधमाश्या फिरकत नाहीत, फूल धरतं पण इवलंसं फळ पिवळं पडून गळतं. अशा दिवसांत परसाबाहेरची भाजी मदतीला येते. पहिल्या पावसाबरोबर मुरबाड-शहापूरकडच्या कातकरी, ठाकूर बाया शेवळं, टाकळा, कुर्डू, भारंगी, पुढे कर्टोली घेऊन कल्याणच्या बाजारात बसतात. शेवळं घशाला खाजतात, म्हणून त्यांच्याबरोबर काकडाची आंबट फळं घालावी लागतात आणि विकणारी बाई तीही सोबत देते. आजही जूनमध्ये हा जोडव्यवहार चालतो.

दसरा झाला की वेल उतरवायचे आणि त्याच मांडवावर वाल-पावट्याचे वेल सोडायचे. जमिनीतली उरलेली ओल आणि थंडीतलं दव यांवर ते शेंगा देतात. फाल्गुनापासून मात्र परस आक्रसतं. मोरीच्या पाण्यावर तगणारा अळू, दोन केळी, एखादा शेवगा, बस्स. भांडी घासल्याचं पाणी वाया न घालवण्याची ही रीत ‘पाण्याचा पुनर्वापर’ वगैरे शब्द येण्याच्या किती तरी आधीची.

ऋषीच्या भांड्यात आणखी एक गंमत आहे. मका, लाल भोपळा आणि त्यात पडलीच तर हिरवी मिरची, ही तिन्ही मूळची अमेरिकेतली. कोलंबसाच्या सफरीआधी इथल्या कुठल्याही ऋषीनं ती पाहिलेली असणं शक्य नाही. अमेरिकेतली अशी पिकं भारतात मुख्यतः पोर्तुगीजांमार्फत आली, आणि वसईत पोर्तुगीज 1534 पासून 1739 पर्यंत होते. सणाच्या नेमानं त्यांची जात विचारली नाही. बैल लागत नाही ना, पावसात टिकतं ना, मग चालेल. परंपरा सोवळी असते असं मानणाऱ्यांनी हे भांडं जरूर उघडून पाहावं.

बदलाची पुढची लाट रुळांवरून आली. 1 मे 1854 रोजी ठाण्याहून कल्याणपर्यंत गाडी सुरू झाली, पुढच्या वर्षी रूळ वासिंदला पोचले आणि 1865 मध्ये थळ घाट ओलांडून इगतपुरीशी जोडले गेले. घाटावरचा कांदा-बटाटा बाराही महिने उतरू लागला. शहाडवरून जाणारा कल्याण-मुरबाड रस्ता माळशेज घाटानं जुन्नरला भिडतो. त्या वाटेनं ओतूर-जुन्नरची भाजीही आली. परसावाचून अडायचं कारण संपलं. पण घाटात दरड कोसळली की इकडे कोथिंबिरीचा भाव चढतो आणि दाराशी वेल असलेल्या घराला त्याची झळ कमी लागते, हे आजही खरं.

उन्हाळ्याचं गणित बदललं ते विजेमुळे. 1922 मध्ये भिवपुरीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. आंध्रा ही खरं तर पूर्वेकडे, भीमेच्या खोऱ्यात जाणारी नदी. धरण बांधून तिचं पाणी डोंगरातून पश्चिमेला सोडलं, त्यावर वीज केली आणि तेच पाणी उल्हासला मिळालं. पूर्वी वैशाखात रोडावणारी नदी बारमाही झाली. पुढे बारवी धरण झालं. ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदरला पाणी देणाऱ्या ‘स्टेम’ या संस्थेच्या नावातलं पहिलं इंग्रजी अक्षरच शहाडचं, कारण तिचं पाणी इथूनच उचललं जातं. मीरा रोडच्या गच्चीवरच्या तुळशीलाही हेच पाणी पडत असणार.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश पडला, तिथला तांदूळ बंद झाला. 1943 मध्ये मुंबईत रेशनिंग आलं आणि सरकारनं ‘अधिक धान्य पिकवा’ अशी मोहीम काढली. त्याच काळात कल्याणजवळ मोठी लष्करी छावणी उभी राहिली होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सुमारे एक लाख सिंधी निर्वासित आले आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी तिचं उल्हासनगर झालं. शहाडच्या वेशीवर सेंच्युरी रेयॉन आणि मोहन्याला एनआरसी असे कृत्रिम रेशमाचे दोन कारखाने आले. शेतं चाळींखाली गेली. भेंडी-गवार घातलेली सिंधी कढी इथल्या जेवणात आली, मांडवाला लागणारी मोकळी जागा मात्र गेली.

‘अधिक धान्य’ ही घोषणा टिकली ती अनपेक्षित ठिकाणी, रेल्वेच्या हद्दीत. सत्तरच्या दशकापासून रेल्वेनं रुळांलगतची रिकामी जमीन आपल्या खालच्या श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांना भाजीसाठी नाममात्र भाड्यानं द्यायला सुरुवात केली. अन्न पिकावं आणि अतिक्रमणही होऊ नये, असा दुहेरी हेतू. लोकलच्या खिडकीतून दिसणारे पालक, माठ, मुळा, भेंडीचे वाफे त्यातलेच. वाफे देखणे आहेत, पण अनेक ठिकाणी त्यांना नाल्याचं सांडपाणी मिळतं आणि त्यावरून वेळोवेळी ओरड होते. ती ओरड रास्तच आहे. मोरीचं पाणी पिऊन वाढणारा जुना अळू आणि कारखान्याच्या, गटाराच्या पाण्यावरचा पालक या दोन गोष्टी एका मापानं मोजता येत नाहीत.

मग पूर. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी उल्हासही पात्राबाहेर पडली आणि बदलापूरपासून कल्याणपर्यंतच्या वस्त्या बुडाल्या. 27 जुलै 2019 रोजी याच नदीच्या पुरानं महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणी-बदलापूरदरम्यान अडवली. 2021 च्या जुलैत पुन्हा पूर. उंचवटा आणि मांडव ही जुनी युक्ती गुडघाभर पाण्यापर्यंतची, पुरुषभर पाण्यापुढे ती निरुपयोगी. पूर ओसरल्यावर तगतात ते अळू आणि केळी, बाकी परस नव्याने मांडावं लागतं. त्यासाठी मुळा, माठ, चवळीची पालेभाजी अशी महिन्याभरात हाती येणारी पिकं घ्यावीत. पण गाळात गटाराचं पाणी मिसळलेलं असेल तर वरचा थर काढून टाकल्याशिवाय त्यात पालेभाजी लावू नये.

इमारतींच्या शहाडात मांडव आता गच्चीवर चढलाय. त्यामागेही मराठी माणसाचं काम आहे. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि पालापाचोळा कुजवून कमी जागेत भरघोस पीक घेण्याचं शास्त्र सामान्य माणसाच्या हाती दिलं. शहरी गच्चीवर भाजी पिकवणाऱ्या अनेकांची सुरुवात त्यातून झाली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं तर इथल्या पावसाला साजेसे वाण काढून ठेवलेत: कारल्यात ‘कोकण तारा’, शिराळ्यात ‘कोकण हरिता’, पडवळात ‘कोकण श्वेता’. गच्चीतल्या पिंपाला आणि गोणीला पुराची भीती नाही, पण तळाला भोकं ठेवली नाहीत तर जुलैत तिथेही मुळं कुजतात.

एक गोष्ट मात्र गच्चीवर येता येता वाटेत सुटली. वेलावरचं सर्वांत चांगलं शिराळं न तोडता वाळू द्यायचं, बिया राखेत घोळून चुलीवरच्या धुरात टांगायच्या आणि पुढच्या मृगाला काढायच्या, ही रीत. आता दरवर्षी पाकीट विकत आणलं जातं. संकरित वाणाच्या बिया धरल्या तर पुढच्या वर्षी वेल तसाच निघेल याची खात्री नसते, म्हणून सुरुवात गावठी किंवा सुधारित सरळ वाणानं करावी. शहाड-टिटवाळ्याकडे ज्यांचं अजून मातीचं परस आहे, त्यांनी यंदा एक शिराळं वेलावरच ठेवावं आणि शेजारच्या इमारतीत चार बिया पोचवाव्यात.