मानमोडीची पोढी आणि डिंभ्याची भिंत

स्मरणिकेसाठी आपल्या भागाच्या इतिहासावर चार शब्द लिहावेत, असे चिटणीसांनी सुचविले, तेव्हा शिवनेरीवर लिहावे असा मोह प्रथम झाला. परंतु शिवनेरीवर लिहिणारे पुष्कळ आहेत. ज्या पाण्यावर आपले मळे आणि द्राक्षबागा उभ्या आहेत, त्या पाण्याचा इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाही. म्हणून तोच विषय घेतला आहे.

जुन्नरच्या दक्षिणेस मानमोडीचा डोंगर आहे. तेथील लेण्यांत एक छोटा ब्राह्मी लेख आहे. महाक्षत्रप नहपान याचा अमात्य, वत्स गोत्राचा अयम याने पोढी आणि मंडप पुण्यार्थ दान केल्याचे त्यात नमूद असून वर्ष 46 असे दिले आहे. पोढी म्हणजे खडकात कोरलेले पाण्याचे टाके. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी एका मंत्र्याला आपले नाव टाक्याबरोबर कोरून ठेवावेसे वाटले, ही गोष्ट मला वर्गात सांगताना नेहमी मोठी वाटे. या टाक्यांचे तोंड लहान आणि पोट मोठे ठेवीत, म्हणजे ऊन कमी लागून पाणी कमी उडे. पावसाचे पाणी चर खोदून आत घेत. टाके भरले की वरचे पाणी दरीत निघून जाई. शिवनेरीवरची गंगा-जमुना आणि नाणेघाटातील टाकी याच जातीची. अशा टाक्यापासून खालच्या गावाला कधी भय नसते, कारण ते डोंगराच्या पोटात असते.

धरणाचे तसे नाही. धरण हे गावाच्या डोक्यावर उचलून धरलेले पाणी होय.

ही गोष्ट पुणे जिल्ह्याने 12 जुलै 1961 रोजी शिकली. आंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण तेव्हा पुरते झालेले नव्हते. तरी त्यात त्या पावसाळ्याचे पाणी साठविले गेले. पाणी सोडण्याच्या मोरीवरील दारांचे काम अपुरे होते, मोरीतून वेगाने वाहणाऱ्या पाण्याने ती खिळखिळी होत गेली आणि तिच्या वरची माती खचू लागली. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, पण सकाळी धरण फुटले. त्या लोंढ्याने मुठेवरचे खडकवासल्याचे जुने दगडी धरणही त्याच दिवशी गेले. माझे वडील त्या वेळी शनिवार पेठेत एका छापखान्यात कामास होते. पूर येत असल्याची खबर त्यांना कोणा अधिकाऱ्याकडून मिळाली नाही; ती मिळाली रस्त्याने ओरडत गेलेल्या एका सायकलस्वाराकडून. अंगावरच्या कपड्यांनिशी ते पर्वतीकडे धावले. पुढे आयुष्यभर आषाढात पाऊस लागून राहिला की ते रात्री उठून बसत. आम्हां मुलांना त्याचे हसू येई. आता येत नाही.

त्यानंतरच्या काळात आपल्या दोन तालुक्यांत कुकडी प्रकल्पाची पाच धरणे झाली. कुकडीवर माणिकडोह आणि येडगाव, मीनेवर वडज, आरेवर पिंपळगाव जोगे आणि घोडेवर डिंभे. पाचांचा मिळून उपयुक्त साठा सुमारे 29 ते 30 टीएमसी होतो, म्हणजे सुमारे तीन हजार कोटी घनफूट. त्यांतील बारांहून अधिक टीएमसी एकट्या डिंभ्यात आहे व त्याची भिंत सुमारे 67 मीटर उंच आहे. हे पाणी कालव्यांनी पारनेर, श्रीगोंदे, कर्जत आणि सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्यापर्यंत जाते. तालुक्याला ज्याने नाव दिले ते आंबेगाव डिंभ्याच्या जलाशयात बुडाले. तालुक्याची कचेरी घोडेगावी आणि तालुक्याचे नाव पाण्याखालच्या गावाचे, अशी ही आपली स्थिती आहे. माझ्या वर्गात त्या बुडीत गावांची मुले होती. पत्ता लिहावयास सांगितला की ती मुले थबकत. त्यांतील कित्येक महादेव कोळी कुटुंबांनी पुढे त्याच जलाशयात सहकारी तत्त्वावर मासेमारी उभी केली, हे त्यांचे धैर्य म्हटले पाहिजे.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. पाणी न झिरपणारे मातीचे धरण जगात नाही. आत चिकण काळ्या मातीचा गाभा, बाहेर मुरुमाचे आवरण आणि मध्ये वाळूची गाळणी, अशी त्याची रचना असते. झिरपा येतो तो गाळणीने गाळून यावा, एवढीच अपेक्षा असते. झिरप्याचे पाणी स्वच्छ असून त्याचे मान जलाशयाच्या पातळीप्रमाणे कमीजास्त होत असेल तर धरण निरोगी समजावे. तेच पाणी गढूळ येऊ लागले, तर आतली माती वाहून जात आहे आणि पोटात बीळ पडत आहे, असे समजावे. बांधाच्या तळाशी गढूळ पाझर दिसला की आपला शेतकरी फावडे घेऊन धावतो. धरणाला तोच न्याय लागू आहे. डिंभे व माणिकडोह यांसारखी धरणे आपल्या भाराने उभी राहतात. त्यांच्या बुडाशी शिरलेले पाणी भिंतीला खालून वर उचलू पाहते. ते काढून देण्यासाठी अशा भिंतींच्या पोटात बोगदा व निचऱ्याची छिद्रे ठेवतात. पांढरा क्षार साचून ती बुजली की वरून भिंत जशीच्या तशी दिसते आणि खालून भार वाढत राहतो.

त्रिकोणी खाचेच्या पट्टीवरून वाहणारे पाणी मोजून झिरप्याची नोंद वहीत करावयाची असते. हे काम कंटाळवाणे असून त्यात मिरविण्यासारखे काही नाही. पण धरणाचे आयुष्य त्याच वहीत असते. रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे येथील मातीचे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले आणि वीसांच्या आसपास माणसे गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. पुढे दोष खेकड्यांवर ठेवण्यात आला. खेकड्यांना खुलासा करता येत नाही, हे त्यांचे दुर्दैव.

2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक केली आहे. धरण फुटल्यास अथवा एकाएकी मोठा विसर्ग करावा लागल्यास कोणत्या गावाने किती वेळात कोठे जावे, याचा आपत्कालीन आराखडाही जुन्या धरणांसाठी कायदा लागू झाल्यापासून पाच वर्षांच्या आत तयार करावयाचा आहे. तो मराठीत असावा आणि नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावा, असे माझे मत आहे. आपल्या ज्ञातीची बरीच घरे घोड व मीना यांच्या काठाला आहेत. गेल्या वर्षी ग्रामसभेत मी उभा राहून विचारले, "भोंगा वाजला तर आपण कोणत्या टेकडीवर जायचे?" सभेत हशा पिकला. मागच्या बाकावरची एक म्हातारी मात्र हसली नाही. तिचे माहेर बुडीत गावाचे. सभा संपल्यावर ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "गुरुजी, ती टेकडी कोणती ते मला आधी दाखवून ठेवा. माझ्याच्यानं आता लवकर चढवत नाही."