डोहांच्या शोधात

1839 साली कर्नल साइक्सने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महाशीर माशाची शास्त्रीय नोंद केली. 1873 मध्ये एच. एस. थॉमसचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक आले आणि गळ टाकणाऱ्या साहेबांना हक्काची पोथीच मिळाली.

भोर-वेल्ह्याच्या मावळातल्या कातकऱ्यांना पोथी कधीच लागली नाही. त्यांना ठाऊक असते, मृगाच्या लोंढ्यात मासा अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतो. उन्हाळ्यात ओढे आटले की खडकातल्या खोल, सावलीच्या डोहात गोळा होतो. म्हणून गळ टाकायला निवांत जागा हवी असेल, तर गाडीरस्ता सोडून ओढ्याच्या अंगाने वर चालायचे.

भाटघरच्या धरणाने हा हिशेब मोडला. वेळवंडी नदीवर 1927 मध्ये हे लॉईड धरण पूर्ण झाले. आता तिथे येसाजी कंक जलाशय पसरला आहे. पाणी अफाट वाढले, पण वाहत्या पाण्याच्या या माशाची वाट भिंतीने अडवली.

घाट उतरून महाडकडे गेले की वाळणकोंड लागते. तिथे काळ नदीतले महाशीर वरदायिनी देवीचे मानतात, कोणी धरत नाही. मावळातल्या एखाद्या डोहालाही गावाने असेच अभय द्यावे, आणि हौशी गळवाल्यांनी निदान चढणीचा मासा तरी सोडून द्यावा.