थंड हाताचा अर्थ

२३ सप्टेंबर १८०३ रोजीं असई गांवाजवळ दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजेशीं आर्थर वेलस्लीची गांठ पडली. हें असई जालना जिल्ह्यांत आहे. एकट्या कंपनी सरकारच्या बाजूस ४२८ ठार व ११३८ जखमी झाले. घायाळांपैकीं कित्येकांचे हात गार पडले असतील, नाडी सुतासारखी बारीक झाली असेल. पण त्यांच्या देहांत काय चाललें आहे हें सांगणारें शास्त्र त्या दिवशीं कोणत्याच छावणींत नव्हतें. उलट, जखमेचा दाह होऊं नये म्हणून जखमीचेंच रक्त काढण्याची चाल त्या काळच्या युरोपीय वैद्यकांत होती!

ज्ञान सावकाश आलें. रक्तदाब मापण्याचें सुटसुटीत साधन रिव्हा-रोची यानें १८९६ सालीं दिलें. लांडस्टायनरनें १९०१ सालीं रक्तगट दाखविले. घायाळाच्या शॉकचें मूळ शरीरांतून गेलेल्या रक्तांत व द्रवांत आहे, हें १९३० मध्यें अमेरिकन शल्यवैद्य ब्लेलॉक यानें प्रयोगानें दाखविलें. १९३४ मध्यें त्यानें शॉकचे प्रकारही वेगळे केले. कोठें रक्त कमी पडतें, कोठें हृदय थकतें, तर कोठें रक्तवाहिन्याच सैल पडतात.

या भेदाचें महत्त्व पटविणारे एक वैद्य जालना जिल्ह्यांतच जन्मले. देहेड गांवचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास कोंकणांत महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्यकेंद्रांत रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशानें तेथें धडधाकट माणसें दगावत. दंश झालेल्याचेही हात गार, अंग घामानें चिंब. परंतु रक्त थेंबभरही गेलेलें नसे. विषानें रक्तवाहिन्या आवळल्या जात, रक्तदाब आधीं चढे. मग हृदय हार खाई व फुप्फुसांत पाणी भरे. अशा रोग्यास शिरेंतून सलाईनचा मारा करणें म्हणजे त्यास बुडविणेंच होय. आपलीं निरीक्षणें बावस्करांनीं १९८२ सालीं 'लॅन्सेट' मध्यें प्रसिद्ध केलीं. आवळलेल्या वाहिन्या सैल करणारें प्राझोसिन हें औषध त्यांनीं वापरलें. त्यांच्या नोंदींप्रमाणें पूर्वीं शंभरांत चाळीसच्या घरांत असलेलें मृत्यूचें प्रमाण एकाच्या आसपास आलें. २०२२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली.

म्हणूनच अपघात-विभागांतील परिचारिका गार हात धरून थांबत नाहीं. ती रक्तस्राव शोधते, तो दाबून धरते, रक्त व सलाईनची तयारी करते. छातींत घरघर व मानेच्या शिरा फुगलेल्या दिसल्या, तर रोग्यास बसतें करून प्राणवायु देते. अंगावर गांधी व घशास सूज असेल, तर मांडीच्या स्नायूंत ॲड्रेनलिन टोंचण्यास क्षणाचाही विलंब होऊं देत नाहीं. तापानें फणफणलेल्याचें अंग आरंभीं ऊनही लागतें. तेथें श्वासाची गति, भ्रम व लघवीचें घटलेलें प्रमाण हींच बोलकीं चिन्हें.

असईच्या घायाळाचा हात व विंचू चावलेल्या शेतकऱ्याचा हात स्पर्शास सारखाच गार. परंतु एकास जें जीवन, तें दुसऱ्यास मरण ठरूं शकतें. हा भेद ओळखण्यास मनुष्यास पावणेदोनशें वर्षें लागलीं. परिचारिकेस तो कांहीं मिनिटांत ओळखावा लागतो.