रंग पातळ कशाने करावा?

एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांनी अजिंठ्याच्या लेण्याची छोटी प्रतिकृती केली होती. प्लास्टिकच्या तुकड्यांपासून बनवलेल्या या प्रतिकृतीला अ‍ॅक्रिलिक रंग द्यायचा होता. आमच्याकडे एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारी लेखणी होती. बाटलीतला रंग तिच्या बारीक तोंडातून येईना, म्हणून आम्ही त्यात पाणी घातले. तरी येईना, म्हणून आणखी घातले. शेवटी रंग आला खरा, पण प्लास्टिकवर तो अळवाच्या पानावरल्या पाण्यासारखा थेंबाथेंबांनी गोळा झाला. वाळल्यावर हात फिरवला, तर रंग बोटाला लागला. एका मुलीने विचारले, "सर, खऱ्या लेण्यातला रंग दीड हजार वर्षे टिकला, मग आपला एक दिवसही का टिकला नाही?"

प्रश्न मोलाचा होता. त्याचे उत्तर शोधताना आम्हाला छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे शंभर किलोमीटरवरच्या त्या खऱ्या लेण्यांचा इतिहास पुन्हा वाचावा लागला.

कोणत्याही रंगात तीन घटक असतात. पहिला रंगद्रव्य, म्हणजे रंगीत भुकटी. दुसरा बंधक, म्हणजे भुकटीला पृष्ठभागाशी चिकटवून ठेवणारा पदार्थ. तिसरा, रंग पसरता यावा म्हणून घातलेला द्रव. हा द्रव काम झाल्यावर उडून जातो. त्यामुळे त्याच्याकडे आपले लक्ष नसते, आणि चुका नेमक्या तिथेच होतात.

अ‍ॅक्रिलिक बहुवारिकांवर ऑटो रोम या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1901 साली प्रबंध लिहिला. पाण्यात मिसळता येणारे अ‍ॅक्रिलिक रंग मात्र 1950च्या दशकात आले. त्यांत बंधक पाण्यात विरघळलेला नसतो. दुधात जसे स्निग्धांशाचे कण तरंगतात, तसे बहुवारिकाचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. साबणासारखी काही द्रव्ये त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतात. पाणी उडाले की कण एकमेकांना टेकतात, दबतात आणि त्यांचा सलग पापुद्रा बनतो. पाणी फार झाले की ही साबणासारखी द्रव्ये विरळ होतात, कणांच्या गुठळ्या होतात आणि पापुद्रा सलग राहत नाही. शिवाय पाण्याचा पृष्ठताण मोठा असल्याने प्लास्टिकवर त्याचे थेंब होतात. म्हणून फवारणीचा रंग दुधाइतका पातळ करायचा, पण तो त्याच रंगासाठी बनवलेल्या थिनरने. अल्कोहोलने पृष्ठताण कमी होतो हे खरे, पण काही अ‍ॅक्रिलिक रंग अल्कोहोल घालताच दुधासारखे नासतात.

आता अजिंठ्याकडे वळू. येथील बहुतेक चित्रे इसवी सनाच्या पाचव्या शतकातली आहेत. काही थोडी त्याहून बरीच जुनी आहेत. खडकावर माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि त्यावर चित्र, अशी त्यांची रचना आहे. गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवी माती हे रंग होते. निळ्यासाठी दूरवरून आणलेला लाजवर्द दगड होता. पूर्वी अनेकांना वाटे की ही चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली असावीत. 1930च्या दशकात मद्रासच्या सरकारी संग्रहालयातील रसायनशास्त्रज्ञ एस. परमशिवन यांनी नमुने तपासले. चित्रे कोरड्या पृष्ठभागावर काढलेली असून रंगांत सरसासारखा बंधक आहे, असे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे अजिंठ्याच्या चित्रकारांचा रंगही पाण्याने पातळ होणारा होता! सच्छिद्र गिलावा पाणी शोषतो, त्यामुळे थेंब गोळा होण्याचा प्रश्न नव्हता. पण सरस कमी पडला तर भुकटी मोकळी राहते आणि जास्त झाला तर रंग आकसून तडकतो. हे प्रमाण त्यांनी अनुभवाने साधले होते.

1819 साली ही लेणी इंग्रजांच्या नजरेस आली. पुढे चित्रांच्या नकला करण्याचे काम सुरू झाले. रॉबर्ट गिल यांनी अनेक वर्षे खपून केलेल्या बहुतेक नकला 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. नंतर 1872 ते 1885 या काळात जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्या वेळी चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून काही ठिकाणी भिंतीवर व्हार्निश लावले गेले. ओली भिंत गडद दिसते, त्याचेच हे तत्त्व: भुकटीच्या कणांमधल्या पोकळ्या भरल्या की प्रकाश कमी विखुरतो आणि रंग खुलतो.

1920 ते 1922 या काळात निजाम सरकारने चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी सुटणारा गिलावा पक्का केला, हे त्यांचे मोठे काम. चित्रांवर मात्र त्यांनी अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या लाखेचा थर दिला. आमचे सुतार लाकडाला देतात तेच हे पॉलिश. निवड तर्कशुद्ध वाटते: सरस पाण्यात फुगतो, अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, म्हणून लाख लावताना मूळ चित्राला धक्का लागत नाही. पण काही वर्षांत लाख पिवळी-तपकिरी पडली. निळा रंग हिरवट दिसू लागला. थर आकसला आणि काही ठिकाणी खालचा रंग घेऊनच सुटू लागला. मुख्य म्हणजे, जुनी होताना लाखेचे रेणू एकमेकांशी जोडले जातात, आणि मग ती अल्कोहोलमध्येही सहज विरघळत नाही. ती काढायला अधिक तीव्र द्रावके लागतात, आणि ती चित्राजवळ न्यायची म्हणजे जोखीम. 1953पासून लेणी सांभाळणाऱ्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनशास्त्रज्ञांना हे थर अत्यंत सावकाश, बोटाएवढ्या जागेपासून सुरुवात करून काढावे लागले.

हे करणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. त्यांचा हेतू चांगला होता आणि त्या काळी लाख हा सर्वमान्य पदार्थ होता. त्यांनी "हा थर कशाने लावता येईल?" हा प्रश्न विचारला, "पन्नास वर्षांनी तो कशाने काढता येईल?" हा प्रश्न राहून गेला. आज संवर्धनशास्त्रात दुसरा प्रश्न आधी विचारतात.

वर्गात करून पाहण्याजोगा एक प्रयोग सुचवतो. मातीच्या तीन खापऱ्या घ्या. गेरूची भुकटी एकीवर नुसत्या पाण्यात, दुसरीवर पातळ डिंकाच्या पाण्यात आणि तिसरीवर घट्ट डिंकात कालवून लावा. दोन दिवसांनी बोट फिरवा, मग प्रत्येकीवर पाण्याचा एक थेंब टाका. निरीक्षणे मुलांनाच लिहू द्या.

आमची प्रतिकृती आम्ही धुऊन पुन्हा रंगवली. प्लास्टिकच्या तुकड्यांना ते चालते. अजिंठ्याच्या भिंतीला अशी दुसरी संधी मिळत नाही.